तुटलं तरी चालणारं जाळं

नव्या डेटा सेंटरच्या नेटवर्कची बैठक बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वेगाचं घ्यायचं? शंभर गिगाबिटचं की चारशे गिगाबिटचं? वेग लागतोच. पण त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. यातला कुठलाही एक स्विच भर दुपारी बंद पडला, तर किती जणांचं काम थांबेल? गेल्या वीस वर्षांत डेटा सेंटरच्या नेटवर्कमध्ये जे मोलाचे बदल झाले, त्यांतले बहुतेक या प्रश्नाचं उत्तर शोधताना झाले. म्हणून तोच प्रश्न हाताशी धरून हा आढावा.

उलटं टांगलेलं झाड

२००० सालाच्या आसपास बांधलेलं कुठलंही मोठं नेटवर्क कागदावर काढलं की उलट्या टांगलेल्या झाडासारखं दिसे. प्रत्येक रॅकपाशी ॲक्सेस स्विच, त्यांच्या वर डिस्ट्रिब्यूशन स्विचची जोडी आणि सगळ्यांत वर कोअरचे दोन धिप्पाड स्विच. ज्या कामासाठी ही रचना होती, ते काम ती नीट करत असे. बाहेरून विनंती यायची, वरून खाली सर्व्हरपर्यंत उतरायची आणि उत्तर त्याच वाटेने वर जायचं. ही उभी वाहतूक.

पुढे सॉफ्टवेअरच बदललं. एका शोधाचं उत्तर द्यायला शेकडो मशिन एकमेकांशी बोलू लागली. एका खरेदीमागे साठा, किंमत, पत्ता, पैसे अशा निरनिराळ्या सेवा निरनिराळ्या सर्व्हरवर जाऊन बसल्या. सर्व्हरकडून सर्व्हरकडे जाणारी ही आडवी वाहतूक, म्हणजे आमच्या बोलीतलं ईस्ट-वेस्ट ट्रॅफिक, उभ्या वाहतुकीच्या कितीतरी पुढे गेली. झाडात मात्र दोन रांगा पलीकडच्या सर्व्हरकडे जायलाही कोअरपर्यंत चढून परत उतरावं लागे.

दुसरी अडचण इथरनेटच्या स्वभावातच होती. आयपीच्या पॅकेटवर आयुष्याचा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही. केबलींचा लूप लागला की फ्रेम गोल गोल फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत सगळं नेटवर्क ठप्प होतं. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत असताना शोधला: स्पॅनिंग ट्री. स्विच आपापसांत बोलून एक झाड ठरवतात आणि लूप करणाऱ्या जादा वाटा बंद ठेवतात. हा उपाय इतका नेटका होता की जगभरची ऑफिसं त्यावर चालली. डेटा सेंटरमध्ये मात्र त्याची किंमत डोळ्यांत भरू लागली. जादा म्हणून विकत घेतलेल्या वाटा, बहुतेक वेळा निम्म्या, एरवी अंधारात पडून राहायच्या. शिवाय दोन कोअरपैकी एक गेला की निम्मी ताकद जायची. त्यामुळे त्याचं सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं तरी रात्री दोनची वेळ मागून घ्यावी लागे.

टेलिफोन एक्स्चेंजमधलं उत्तर

उत्तर फार आधी लिहून ठेवलेलं होतं. बेल लॅब्समधले चार्ल्स क्लॉस यांनी १९५३मध्ये टेलिफोन एक्स्चेंजविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हाच्या क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये येणाऱ्या प्रत्येक लाइनला जाणाऱ्या प्रत्येक लाइनशी जोडणारा एक बिंदू लागे. म्हणजे दहा हजार लाइनसाठी दहा कोटी बिंदू. क्लॉस यांनी एका मोठ्या यंत्राऐवजी लहान यंत्रांचे तीन थर मांडले आणि मधल्या थरात किती यंत्रं ठेवली की एकही कॉल वाट नाही म्हणून अडणार नाही, याचं गणित दिलं. त्या गणिताने दहा हजार लाइनचं काम ५९ लाख ७० हजार बिंदूंत होतं. सोळापटींहून जास्त बचत, आणि तीही कुणाचा कॉल न अडवता.

हाच विचार २००८मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मोहम्मद अल-फारेस, अलेक्झांडर लूकिसास आणि अमीन वाहदत यांनी डेटा सेंटरमध्ये आणला. त्यांनी दाखवलं की बाजारात सहज मिळणारे ४८ पोर्टचे साधे, एकसारखे २,८८० स्विच ठरावीक पद्धतीने विणले, तर २७,६४८ सर्व्हर एकमेकांशी पूर्ण वेगाने बोलू शकतात. धिप्पाड कोअरची गरजच उरत नाही.

गुगलने त्याच्या आधीपासूनच स्वतःचे स्विच बांधायला घेतले होते. बाजारात मिळणारं सगळ्यांत मोठं यंत्रही त्यांना पुरत नव्हतं. २०१५मध्ये त्यांनी आपल्या नेटवर्कच्या पिढ्यांचा इतिहास खुला केला. त्यातल्या ज्युपिटर या पिढीची एकूण क्षमता सेकंदाला १.३ पेटाबिट होती, म्हणजे एक लाखाहून जास्त सर्व्हर एकाच वेळी प्रत्येकी दहा गिगाबिटने बोलू शकतील इतकी. २०१४मध्ये फेसबुकने अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या अल्टूनाच्या डेटा सेंटरची रचना सगळ्यांसमोर मांडली. ४८ रॅकचा एक पॉड, प्रत्येक पॉडला चार फॅब्रिक स्विच आणि त्यांच्या वर स्पाइनच्या चार स्वतंत्र पातळ्या. वाढ हवी तर आणखी एक पॉड जोडायचा. आधीच्या भागाला हात लावायचा नाही.

हिशेब कागदावर

एवढ्या अवाढव्य आकारांनी घाबरायचं कारण नाही. तेच गणित एका हॉलला लावता येतं. प्रत्येक रॅकमध्ये एक लीफ स्विच घ्या. खाली सर्व्हरसाठी पंचवीस गिगाबिटचे ४८ पोर्ट, वर जायला शंभर गिगाबिटचे सहा. वर सहा स्पाइन ठेवा, प्रत्येकी ३२ पोर्टचे. प्रत्येक लीफ प्रत्येक स्पाइनला जोडायचा. लीफ लीफला जोडायचा नाही, स्पाइन स्पाइनला नाही. एकूण ३२ लीफ बसतात. दोन बाहेरच्या जगाशी जोडायला राखून ठेवले तर तीस उरतात, म्हणजे १,४४० सर्व्हर. कुठल्याही रॅकमधून कुठल्याही रॅकमध्ये जायला मध्ये एकच स्पाइन लागतो. अंतर सगळ्यांना सारखं.

खालून येऊ शकतात १,२०० गिगाबिट, वर जाऊ शकतात ६००. हे ओव्हरसबस्क्रिप्शन दोनास एक. सगळे सर्व्हर एकाच क्षणी तोंड भरून बोलत नसतात, म्हणून साध्या कामाला हे प्रमाण चालतं, कधी तीनास एकही चालतं. पण हा आकडा अंदाजाने ठरवू नये. तिथे चालणाऱ्या कामाकडे बघून ठरवावा आणि लिहून ठेवावा.

आता सुरुवातीचा प्रश्न याच हॉलला विचारा. एक स्पाइन गेला तर? प्रत्येक लीफचे सहाशेचे पाचशे होतात. वेग एक-षष्ठांशाने कमी होतो, पण काम थांबत नाही. जुन्या रचनेत हाच घाव निम्म्यावर बसायचा. स्पाइन जितके जास्त, तितका एकेकाचा मृत्यू स्वस्त. आणि एक लीफ गेला तर? तो रॅक गेला. म्हणून महत्त्वाच्या सर्व्हरला दोन लीफ द्यावेत, किंवा सॉफ्टवेअरच असं लिहावं की एक रॅक गेल्याचं त्याला सोसेल.

हे सगळं शक्य झालं ते चिपमुळे. ब्रॉडकॉमच्या टोमाहॉक मालिकेतली २०१४ची पहिली चिप सेकंदाला ३.२ टेराबिट हाताळायची. २०२२ची टोमाहॉक ५ ही ५१.२ टेराबिट हाताळते. आठ वर्षांत सोळापट. जुना खोलीभर कोअर आज एका चिपमध्ये मावतो.

वाट कोण दाखवणार

वाटा अनेक झाल्या की त्या सगळ्या वापरणारं कुणीतरी हवं. इथे स्पॅनिंग ट्रीला निरोप दिला गेला आणि प्रत्येक लीफ-स्पाइन दुवा आयपीचा झाला. वाट दाखवण्याचं काम बीजीपीकडे आलं. बीजीपी १९८९चा, आणि तो जन्मला इंटरनेटवरच्या मोठ्या संस्थांना एकमेकींशी जोडण्यासाठी. तो डेटा सेंटरमध्ये कसा वापरावा, हे पीटर लापुखोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६च्या आरएफसी ७९३८मध्ये मांडलं. प्रत्येक लीफला स्वतःचा एएस क्रमांक, सगळ्या स्पाइनना मिळून एक. ज्या वाटेत आपलाच क्रमांक दिसतो ती बीजीपी नाकारतो, त्यामुळे लूप जागच्या जागी मरतो. एखादा दुवा तुटला तर ती बातमी ज्यांना लागते त्यांच्यापुरती राहते, साऱ्या नेटवर्कला नकाशा नव्याने मांडत बसावं लागत नाही. इंटरनेटसाठी ठेवलेले मिनिटांचे टायमर मात्र सेकंदांवर आणावे लागतात. ते विसरलं तर निकामी शेजाऱ्याची वाट बघत पॅकेट हरवत राहतात.

समान लांबीच्या वाटांतून एक निवडण्याच्या पद्धतीला ईसीएमपी म्हणतात. स्विच पॅकेटच्या पाच खुणा बघतो: दोन्हीकडचे पत्ते, दोन्हीकडचे पोर्ट आणि प्रोटोकॉल. त्यांवर हॅशचं गणित करून वाट ठरते. एका संभाषणाची सगळी पॅकेट एकाच वाटेने जातात, म्हणून क्रम बिघडत नाही. लहान संभाषणं हजारोंनी असली की वाटणी आपोआप जवळजवळ समान होते. थोडी आणि प्रचंड असली की दोन हत्ती एकाच अरुंद वाटेवर येऊ शकतात, शेजारच्या वाटा मोकळ्या असूनही. या उणिवेकडे पुढे परत यायचं आहे.

वरचं खोटं, खालचं खरं

आयपीचं जाळं बांधलं तरी व्हर्च्युअल मशिनला एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये पत्ता न बदलता हलायचं असतं आणि प्रत्येक ग्राहकाला वेगळं नेटवर्क हवं असतं. जुन्या व्हीएलएएनमध्ये ओळखीला १२ बिट, म्हणजे ४,०९४ नेटवर्क. २०१४च्या व्हीएक्सलॅनमध्ये २४ बिट, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त. सर्व्हरची मूळ फ्रेम एका आयपी पॅकेटच्या पोटात घालून लीफपासून लीफपर्यंत नेली जाते. कोणता पत्ता कोणत्या लीफमागे आहे, ही माहिती पोचवायला बीजीपीचीच ईव्हीपीएन ही शाखा वापरतात. सर्व्हरला वाटतं आपण सगळे एकाच तारेवर आहोत. खालचं जाळं मात्र साधं आयपीचंच राहतं.

या पोटात घालण्याची किंमत ५० बाइट. किंमत क्षुल्लक वाटते, म्हणूनच ती छळते. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी तक्रार होती की काही सर्व्हरजोड्यांमध्ये बॅकअप सुरू होऊन अडकतो. पिंग जायचा, लॉगिन व्हायचं, मोठी फाइल मात्र जागची हलायची नाही. शेजारच्या जोडीत सगळं सुरळीत. दोन दिवस आम्ही स्टोरेज आणि फायरवॉल तपासत बसलो. शेवटी पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून पिंगचा आकार वाढवत नेला. १,४२२ बाइटला उत्तर आलं, १,४२३ला नाही. पिंगचे २८ बाइट धरले तर १,४५०, आणि व्हीएक्सलॅनचे ५० मिळवले की १,५००. एका स्पाइनच्या एकाच पोर्टवर एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा, वाढवायचा राहून गेला होता. ज्या जोड्यांची हॅश त्या पोर्टवर पडायची, त्यांचीच मोठी पॅकेट गपचूप मरत होती. त्या दिवसापासून मी दोन नियम पाळतो: खालच्या जाळ्याचा एमटीयू सगळीकडे नऊ हजारांच्या वर, आणि तो माणसाच्या हाताने कधीच टाकायचा नाही.

व्हीएक्सलॅनने एक मोहही आणला: दोन शहरांतली डेटा सेंटर एकाच नेटवर्कसारखी ताणायची. माझं मत याच्या विरुद्ध आहे. मुंबई आणि हैदराबाद सरळ रेषेतही सहाशे किलोमीटरहून दूर. फायबरमधल्या प्रकाशाला किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन किमान सहा मिलीसेकंद. हॉलच्या आत शंभर मीटरला अर्धा मायक्रोसेकंद लागतो. हे अंतर कुठलाही प्रोटोकॉल मिटवू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे, दुसरं डेटा सेंटर आपण पहिलं पडलं तर उभं राहावं म्हणून बांधतो आणि मग एकाचं वादळ दुसऱ्यात शिरायला वाट करून देतो.

गर्दीचा प्रश्न

दादरला लोकल थांबली की सगळे उतारू एकाच जिन्याकडे धावतात. जिना अरुंद नसतो, गर्दी एका क्षणाची असते. डेटा सेंटरमध्ये याला इनकास्ट म्हणतात. एक सर्व्हर शेकडो सर्व्हरना प्रश्न विचारतो आणि सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी एकाच पोर्टवर येऊन आदळतात. स्विचमधली बफर भरते, पॅकेट गळतात, पाठवणारे थबकतात. बफर मोठी करणं हा वरवरचा इलाज. त्याने गळती कमी होते, रांग वाढते. मोहम्मद अलीजादे आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये मांडलेल्या डीसीटीसीपीने मूळ धरलं. रांग वाढायला लागतानाच स्विच पॅकेटवर खूण करतो आणि किती पॅकेटवर खूण आली त्या प्रमाणात पाठवणारा वेग कमी करतो. रांग लहान राहते आणि वेगही टिकतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. हजारो जीपीयू एकेक पाऊल एकत्र टाकतात. सगळ्यांनी आपले आकडे एकमेकांना दिल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही, म्हणून सगळ्यांत हळू वाट सगळ्यांचा वेग ठरवते. संभाषणं थोडी आणि प्रचंड, म्हणजे ईसीएमपीची मघाची उणीव नेमकी इथे बोचते. मेटाने लामा ३ या मॉडेलच्या २०२४च्या निबंधात आपली रचना सांगितली आहे. तीन थरांचं क्लॉस, ३,०७२ जीपीयूंचा एक पॉड, पॉडच्या आत पूर्ण वेग आणि आठ पॉडच्या मध्ये सातास एक ओव्हरसबस्क्रिप्शन. दोन जीपीयूंमधलं संभाषण त्यांनी एकाऐवजी सोळा प्रवाहांत वाटलं, म्हणजे हॅशला पसरायला जागा मिळाली. १६ हजारांहून जास्त जीपीयूंवर चाललेल्या त्या प्रशिक्षणाच्या ५४ दिवसांत ४१९ अनपेक्षित खंड पडले. त्यांतले ३५ स्विच आणि केबलींमुळे होते. इतक्या मोठ्या जाळ्यात रोज काही ना काही तुटतंच. सरावलेल्या हातांनी बांधलेलं जाळंही त्याला अपवाद नाही.

या कामात आरडीएमए वापरतात. एका मशिनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट, प्रोसेसरला न उठवता. त्याला गळती सोसत नाही, म्हणून पीएफसी नावाची सोय आली: बफर भरत आली की मागच्या स्विचला थांब म्हणायचं. पण तो थांबला की त्याच्या मागचा थांबतो, आणि एका कोपऱ्यातली कोंडी निरपराध वाहतुकीपर्यंत पसरते. एका बिघडलेल्या नेटवर्क कार्डाने अनेक रॅक थिजू शकतात. एक यंत्र बिघडलं तर किती जणांचं काम थांबेल, हा आपला प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो आणि उत्तर वाईट येतं. २०२३मध्ये स्थापन झालेल्या अल्ट्रा इथरनेट कन्सोर्शियमने पॅकेट अनेक वाटांवर उधळायची आणि गळती सोसून सावरायची दिशा घेतली आहे. मला ती योग्य वाटते, कारण चुकीला जागा ठेवणारं जाळं चूक न खपवणाऱ्या जाळ्यापेक्षा जास्त टिकतं.

गुगल तर आणखी पुढे गेलं. २०२२मध्ये त्यांनी सांगितलं की ज्युपिटरमधून स्पाइनचा थर त्यांनी काढून टाकला. त्या जागी सूक्ष्म आरशांनी प्रकाशाची दिशा बदलणारे ऑप्टिकल स्विच आले. हे स्विच पॅकेट वाचत नाहीत, फक्त प्रकाश वळवतात, त्यामुळे जोडलेल्या यंत्रांचा वेग वाढला तरी ते बदलावे लागत नाहीत. विजेची बचत ४१ टक्के झाल्याचं त्यांनी नोंदवलं आहे. ज्यांनी क्लॉस जगाला दाखवलं, त्यांनीच गरज बदलल्यावर त्याचा मधला थर सोडला.

बांधल्यावर

नकाशा देखणा असला तरी नेटवर्क शेवटी केबलींचं असतं. वरच्या लहानशा हॉलमध्येच लीफ आणि स्पाइन यांच्यात १९२ फायबर आहेत. त्यांतल्या दोन अदलाबदल झाल्या तर काम चालत राहील आणि बिघाडाच्या दिवशीच ते कळेल. म्हणून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल हवं. प्रत्येक स्विच एलएलडीपीने आपला शेजारी सांगतो. तो शेजारी आणि नकाशावरचा शेजारी जुळतो का, हे प्रोग्रॅमने रोज तपासावं. कॉन्फिगरेशन एकाच नमुन्यातून तयार व्हावं, कारण क्लॉसचं सगळं सामर्थ्य सारखेपणात आहे. रात्री घाईत एका स्विचवर केलेला खास बदल ते सामर्थ्य कुरतडतो. मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये खुली केलेली सोनिक ही प्रणाली अनेक कंपन्यांच्या स्विचवर चालते, त्यामुळे यंत्र एकाचं आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याचं असं घेण्याची मोकळीकही आता आहे.

आणि एक वाट कायम वेगळी ठेवावी. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या डेटा सेंटरना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आदेशाने ते अख्खं जाळंच तुटलं. असे आदेश अडवणाऱ्या तपासणी प्रोग्रॅममध्येच दोष होता. डेटा सेंटर दिसेनात म्हणून डीएनएस सर्व्हरनी आपल्या बीजीपी वाटा मागे घेतल्या आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जवळजवळ सहा तास इंटरनेटवरून नाहीसे झाले. दुरुस्तीसाठी ठेवलेली वेगळी वाटही त्याच वेळी बंद पडली होती. अभियंत्यांना इमारतींत जावं लागलं आणि तिथल्या कडक सुरक्षेतून यंत्रांपर्यंत पोचण्यात आणखी वेळ गेला. आपत्कालीन वाट मुख्य वाटेवर कणभरही विसंबून असेल, तर ती आपत्कालीन नाही.

आपल्याकडे ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहत आहेत. समुद्राखालच्या केबली मुंबईत किनाऱ्याला लागतात, त्यामुळे हे होणारच होतं. ती बांधणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या अनेक मुलामुलींनी महाराष्ट्राच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत शिक्षण घेतलं आहे. त्यांना माझं एकच सांगणं आहे. ताबा देण्याच्या दिवशी वेगाचे आकडे दाखवून थांबू नका. ॲप्लिकेशनची टीम शेजारी बसवा, भर दुपारची वेळ घ्या आणि एका स्पाइनची वीज काढा. मग दुसऱ्याची. मग एका लीफची. दर वेळी शेजारच्या माणसाला विचारा, काही जाणवलं का? तो मान हलवून आपल्या कामाला लागला, तर जाळं नीट बांधलं गेलं आहे.